जुनी सीएनजी गाडी मिसिंग मारते? भाग बदलण्याआधी घरी काय काय तपासायचं

माझ्या गाडीचं रनिंग १,६८,००० किलोमीटर झालं त्या सुमारास सकाळी चालू केल्यावर ती थरथरायला लागली. यालाच मिसिंग म्हणतात: एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन मधूनच नीट जळत नाही. चार सिलिंडरची साधी पेट्रोल हॅचबॅक, मागे सीएनजी किट. सिग्नलला उभी केली की स्टिअरिंग हातात कापायचं, रेस दिली की सगळं गुळगुळीत. आठवड्यातून एकदा चेक इंजिनची लाईट लागायची, दोन दिवसांनी आपोआप जायची. पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाट चढायला लागलो की तिसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन झटके ठरलेले.

सात महिन्यांत तीन गॅरेज झाली. चारही प्लग बदलले, दोन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) बदलल्या, इंजेक्टर साफ केले, थ्रॉटल बॉडी साफ केली. दर वेळी आठ दिवस बरं वाटायचं आणि मग पुन्हा तेच. शेवटी एका ठिकाणी सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल, रिंग-पिस्टन गेलंय." त्या दिवशी मी गाडी घरी आणली आणि ठरवलं की आता मोजल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही. चार रविवार गेले, पण दोष सापडला. इंजिन खोलावं लागलं नाही.

तो दोष कसा सापडला तो क्रम इथे देतो आहे. सगळी दुरुस्ती घरी करा असं माझं म्हणणं नाही. दोष कुठे आहे हे मात्र घरी नक्की कळू शकतं, आणि ते कागदावर लिहून गॅरेजला गेलं की तिथलं बोलणंच बदलतं.

काय काय लागेल

- ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा) आणि मोबाईलवर त्याचं अ‍ॅप
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- प्लग पाना (आपल्या प्लगच्या मापाचा, बहुधा १६ किंवा १४ एमएम), एक्स्टेन्शन रॉड, १० एमएमची गोटी
- कॉम्प्रेशन गेज (इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब मोजणारा), आट्यांनी बसणारा. नुसता दाबून धरायचा घेऊ नका, एकट्याने काम होत नाही
- फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पट्ट्या)
- टॉर्च, हातमोजे, सुती फडकं, सायकलचा पंप
- गाडीची पुस्तिका आणि आधीची सगळी बिलं
- वही. ही सगळ्यात महत्त्वाची

आधी सुरक्षितता

सीएनजीचं सिलिंडर भरलेलं असताना आत सुमारे २०० बारचा दाब असतो. त्या नळ्या, रेग्युलेटर, फिटिंग यांना घरी पाना लावायचा नाही, कधीच नाही. तपासणीआधी सिलिंडरवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट उलटून गेली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती करून घ्या.

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा हात लांब ठेवा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

आणि चेक इंजिनची लाईट नुसती लागलेली नसून लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. तो भाग प्लग-कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे.

## १. आठवडाभर फक्त लिहा

पहिल्या आठवड्यात पाना हातात घेऊ नका. दोष कधी दिसतो ते लिहा: थंड इंजिन की गरम, सिग्नलला की चढावर, एसी चालू की बंद, पाऊस पडून गेला होता का, आणि गाडी पेट्रोलवर होती की सीएनजीवर.

माझ्या वहीत सात दिवसांनी एक गोष्ट ठळक दिसली. थरथर नेहमी आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना), रेस वाढली की कमी. आणि दोन्ही इंधनांवर सारखीच. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता, पण अर्धं उत्तर तिथेच होतं.

एक गल्लत इथेच टाळा. जास्त चाललेल्या गाडीत इंजिन माउंटिंगचं रबर बसतं आणि धड चालणारं इंजिनही बॉडीला हादरे देतं. फरक ओळखायला सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरा (तापलेल्या नळीला लावू नका). धूर एकसारखा येत असेल तर माउंटिंगचा संशय घ्या. मध्येच एखादा ठोका चुकत असेल, फुस्स असा खंड पडत असेल, तर मिसिंग खरं आहे.

## २. कोड वाचा, पण पुसू नका

आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या गाड्यांना २०१३ पासून ओबीडी-२ आलं. १६ पिनांचं सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतं. स्कॅनर लावा आणि जो कोड येईल तो उतरवून घ्या. बरोबर "फ्रीझ फ्रेम" दिसली तर तीही: कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती होता, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर लोड किती.

कोड पुसला की ही माहितीही जाते. बॅटरीची वायर काढली तरी जाते. दोन गॅरेजमध्ये माझ्या बाबतीत पहिलं काम हेच झालं, स्कॅनर लावून "क्लिअर केला साहेब". त्यामुळे तपासायला हाताशी काही उरलं नाही.

मिसिंगचे कोड वाचायला सोपे आहेत. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पुढे. पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडर, ठरावीक नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. पी०४२० कन्व्हर्टरचा, आणि मिसिंग जुनं असेल तर तो बरेचदा मागाहून येतो. मिसिंग तसंच ठेवून कन्व्हर्टर बदलू नका, नवाही जाईल.

मला पी०३०३ मिळाला. तिसरा सिलिंडर.

लक्षात घ्या, कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. पी०३०३ म्हणजे "तिसरी कॉइल बदला" असा अर्थ होत नाही, आणि माझे सगळे पैसे याच गैरसमजात गेले. सिलिंडर नीट चालायला ठिणगी, इंधन, हवा आणि दाब या चार गोष्टी लागतात. चारपैकी काहीही कमी पडलं तरी कोड तोच येतो.

## ३. डोळ्यांनी बघा

यात खर्च शून्य. बोनेट उघडून टॉर्चने वायरिंग बघा. गाडी दोन-चार दिवस उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधा. इन्सुलेशनचे बारीक तुकडे, लेंड्या, खाल्लेला फोम या खुणा. कपलर (वायरींचे जोड) एकेक करून हलवा, आतल्या पिनांवर हिरवट गंज आहे का पाहा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी तपासा. जुन्या गाडीत ती आतून कुजलेली असते आणि वरून ठीक दिसते. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग आधी नीट करा.

सीएनजीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. आपण पेट्रोल फक्त चालू करण्यापुरतं वापरतो, त्यामुळे टाकीच्या तळाशी महिनोन्‌महिने तेच पेट्रोल पडून असतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. तपासणीआधी पाच-सात लिटर ताजं पेट्रोल टाका, नाहीतर पेट्रोलवरच्या कुठल्याच निकालावर भरवसा ठेवता येणार नाही.

## ४. अदलाबदल करा, खरेदी नको

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे निघून येऊ शकतात. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यातली धूळ पंपाने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. खड्ड्यात ऑइल साचलेलं असेल तर वरच्या कव्हरचं सील गेलंय. ते स्वस्तातलं काम आहे आणि मिसिंगचं कारणही असू शकतं.

आता:

- तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्याला लावा
- तिसऱ्याचा प्लग दुसऱ्याला लावा
- कोड पुसा (उतरवून घेतलाय ना?) आणि दोन दिवस गाडी चालवा

कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब. पी०३०२ झाला तर प्लग. पी०३०३ च राहिला तर दोन्ही निर्दोष. कॉइलकडे येणारी वायर मात्र या चाचणीत तपासली जात नाही, म्हणून कपलरवर इग्निशन चालू ठेवून १२ व्होल्ट आणि अर्थ येतोय का ते मल्टिमीटरने बघून घ्या.

प्लग बसवताना आधी हाताने, रबरी नळीचा तुकडा लावून, सहज फिरेल तितका आवळा. पाना शेवटी. हाताने अडत असेल तर आटे तिरके गेलेत, काढून पुन्हा लावा. जोर करून बसवलेल्या एका प्लगमुळे हेड उतरवावं लागतं.

प्लगचा गॅपही (ठिणगी पडते ती टोकांमधली फट) मोजा. सीएनजीला ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अशक्त कॉइल किंवा वाढलेला गॅप आधी सीएनजीवर जाणवतो आणि पेट्रोलवर लपतो. तुमचं मिसिंग फक्त सीएनजीवर असेल तर इथेच थांबून प्लग, कॉइल आणि किटचा फिल्टर नीट बघा.

माझा कोड पी०३०३ च राहिला.

## ५. दोन इंधनांचा फायदा घ्या

नुसत्या पेट्रोलच्या गाडीला ही सोय नाही. सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे आणि गॅसचे वेगळे. मिसिंग फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर किंवा पंप, फक्त गॅसवर असेल तर वर सांगितलेल्या गोष्टी किंवा किट. दोन्हींवर एकाच सिलिंडरला सारखंच असेल, तर दोन वेगळे इंजेक्टर एकाच वेळी एकाच सिलिंडरवर बिघडणं जवळपास अशक्य. म्हणजे इंधन यादीतून बाद.

माझ्या वहीतल्या पहिल्या आठवड्याच्या नोंदीचा अर्थ हा होता. इंजेक्टर साफ करण्याचे पैसे देण्याआधी एक बटण दाबून हे कळलं असतं.

जुनी सवय असलेले काही जण चालू इंजिनावर प्लगची वायर किंवा कॉइल उपटून बघतात. नव्या गाड्यांत तसं करू नका. जबर झटका बसू शकतो, कॉइल जळू शकते आणि कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. बघायचंच असेल तर पेट्रोलवर, आयडलिंगला, एकेका इंजेक्टरचा कपलर काढा. ज्याचा काढल्यावर आरपीएम पडत नाही तो सिलिंडर कामच करत नाहीये. याने नवे कोड येतात, म्हणून दोन मिनिटांत उरका आणि नंतर ते पुसा.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती कमी-जास्त करतोय त्याचा टक्का) दिसत असेल तर तेही टिपा. अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नको. सीएनजीचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर पेट्रोलचेही आकडे भरकटतात, म्हणून चाळीस-पन्नास किलोमीटर निव्वळ पेट्रोलवर चालवून मगच वाचा.

## ६. कॉम्प्रेशन मोजा

ठिणगी ठीक, इंधन ठीक, तर राहतो दाब. एवढं सगळं होऊनही तीनपैकी एकाही गॅरेजमध्ये गेज लावला गेला नव्हता. वेळ खाणारं काम आहे, पण घाई नसेल तर घरी शांतपणे होतं.

१. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. स्टार्टर मंद फिरला तर सगळेच आकडे खोटे येतात.
२. इंजिन थोडं चालवून कोमट करा, चटका बसेल इतकं नको.
३. स्विच पेट्रोलवर, सीएनजी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मग सगळ्या कॉइल आणि इंजेक्टरचे कपलर काढा.
४. चारही प्लग बाहेर. एकच काढून मोजायचं नाही.
५. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.
६. गेज हाताने आवळा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, स्टार्टर मारा. काटा वर चढायचा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा धक्के. प्रत्येक सिलिंडरला तितकेच धक्के.

पेट्रोल इंजिनात साधारण १७० ते २०० पीएसआय दिसायला हवं, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो दोष समजा.

माझे आकडे असे आले: १७५, १७२, ११८, १७०.

तिसरा सिलिंडर. सात महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी ठोस हाती लागलं.

आता ओली चाचणी. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल टाका, जास्त नको, आणि पुन्हा मोजा. आकडा बराच चढला तर गळती रिंग-पिस्टनच्या बाजूने, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरते. आकडा तिथेच राहिला तर गळती वरून, म्हणजे व्हॉल्व्ह (हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे) किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं सील). शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर मधल्या गॅस्केटवर संशय घ्या, आणि कूलंट कमी होतंय का, ऑइल दुधाळ झालंय का ते बघा.

माझा आकडा ११८ वरून १२१ झाला, बस. म्हणजे रिंग ठीक. ज्या रिंग-पिस्टनसाठी इंजिन खोलायला सांगितलं होतं, ते एका चमचा ऑइलने निर्दोष ठरलं.

## ७. टॅपेट: गप्प बसलेला जास्त वाईट

हे आकडे घेऊन मी घराजवळच्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी वही हातात घेतली, पूर्ण वाचली आणि एकच प्रश्न विचारला.

"गॅसवर किती चालली?"

"सवा लाख तरी, मामा."

"टॅपेट कधी बघितलेत?"

कधीच नाही. (टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा कॅम यांच्या मधला भाग; तिथे ठरावीक बारीक फट लागते.) पहिल्या दिवसापासूनची बिलं चाळली, कुठेही टॅपेट सेटिंगची नोंद नव्हती. मी म्हटलं, पण टॅपेटचा आवाज तर येत नाही. मामा म्हणाले, "ढिला झाला की वाजतो. घट्ट झालेला गप्प बसतो आणि व्हॉल्व्ह जाळतो."

हे का होतं ते समजून घ्या, कारण सीएनजीच्या जुन्या गाडीतलं हे नेहमीचं दुखणं आहे आणि सहसा शेवटी आठवतं. गॅस कोरडा असतो. पेट्रोलमुळे व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांना मिळणारा थोडा गारवा आणि बारीक थर गॅसवर मिळत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो, आणि त्याची दांडी वर कॅमकडे सरकते. मधली फट कमी होत होत संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. आयडलिंगला प्रत्येक ठोक्यात निसटायला भरपूर वेळ मिळतो म्हणून थरथर, रेस दिली की तो वेळच कमी होतो म्हणून गाडी गुळगुळीत. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, त्यामुळे आधी तोच धरतो. न मिटलेला व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही, आणि तसाच चालवत राहिलात तर त्याची कड जळते. मग मात्र हेड उतरवावंच लागतं.

घरी मोजायचं असेल तर रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर वरचं कव्हर काढा, ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मोजायचे त्याच्या कॅमचं टोक व्हॉल्व्हपासून वर येईल असं इंजिन पान्याने सरळ दिशेने फिरवा, आणि फिलर गेजची पट्टी सरकवून बघा. किती फट हवी हे इंजिनागणिक वेगळं असतं, ते मॅन्युअलमधूनच घ्या. माझ्या तिसऱ्या एक्झॉस्टला ०.०५ एमएमची पट्टीही आत जात नव्हती. बाकीच्या तीन एक्झॉस्टलाही फट मापापेक्षा कमीच होती.

मोजणं घरी, सेटिंग मात्र विचार करून. काही इंजिनात स्क्रू आणि चेकनट असतो, ते शिकता येतं. काहींत वेगवेगळ्या जाडीचे टॅपेट बदलावे लागतात आणि त्यासाठी कॅमशाफ्ट काढावा लागतो. तिथे टायमिंग चेन एक दात जरी सरकली तरी मोठं नुकसान होतं. माझी दुसऱ्या प्रकारची होती, म्हणून काम मामांनी केलं, मी शेजारी उभा राहून प्रत्येक आकडा लिहून घेतला. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने फट आपोआप सांभाळणारे) असतील तर हे सेटिंगच नसतं, ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. कव्हर परत लावताना नवं गॅस्केट टाका. जुन्यावर सिलिकॉन थापून काम भागवू देऊ नका, जास्तीचा सिलिकॉन सुटून ऑइलच्या वाटा अडवतो.

## ८. गॅरेजमध्ये काय बोलायचं

"गाडी थरथरते, बघा जरा" असं म्हणू नका. वही पुढे ठेवा: कोड अमुक, अदलाबदलीनंतरही तोच, दोन्ही इंधनांवर सारखं, कॉम्प्रेशन इतकं, ऑइल टाकून इतकं. चांगला मेकॅनिक तुमचे आकडे स्वतः एकदा पडताळेल, त्याला करू द्या. जो आकडे न बघताच "इंजिन करावं लागेल" म्हणेल, त्याच्याकडून गाडी परत आणा. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या. माझ्या काढलेल्या दोन कॉइल मी परत मागितल्या नव्हत्या, त्या चांगल्या असणार याची आता मला जवळपास खात्री आहे.

## ९. काम झाल्यावर

सेटिंगनंतर लगेच आणि मग हजार किलोमीटरनी, दोनदा कॉम्प्रेशन मोजा. व्हॉल्व्हची कड जळलेली नसेल तर दाब परत येतो. माझा तिसरा सिलिंडर आधी १५८ आणि नंतर १६६ वर आला. आला नसता तर हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीटचं काम करावं लागलं असतं, ही शक्यता मामांनी आधीच सांगून ठेवली होती.

कोड पुसा आणि दोन आठवडे स्कॅनर गाडीतच ठेवा. काम नसताना तो सॉकेटमधून काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते. थंड सकाळ, सिग्नल, घाट, एसी, पाऊस, पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या प्रत्येक परिस्थितीत गाडी एकदा तरी चालवून बघा, दोन्ही इंधनांवर. आठवड्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवायची सवय ठेवा, त्याने पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप चालते राहतात आणि टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही.

पुढची टॅपेट तपासणी मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर, आणि गाडी गॅसवर एवढी चालली असेल तर त्याच्याही आधी करा. मी बोनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे: तारीख, आठही व्हॉल्व्हच्या फटी, चार कॉम्प्रेशनचे आकडे, आणि खाली पुढचं रनिंग, १,८८,०००.